पुसणाऱ्याला पुसतं कोण?

रविवारी साडेअकराच्या सुमाराला गाडी धुऊन, वॅक्स लावून झालेली असते. बॉनेटमध्ये समोरच्या पर्जन्यवृक्षाच्या फांद्या दिसतात, फांद्यांत माझं घामेजलेलं तोंड दिसतं, आणि दुसऱ्या मजल्यावरचे काका खाली येऊन "नवीन घेतली का?" असं विचारतात. गाडी सात वर्षांची आहे हे त्यांना माहीत आहे. दर वेळी विचारतात, मोठ्या मनाचे आहेत. मग मी कापडी पिशवी उचलून घरी येतो. पिशवीत वॅक्स लावायची फोमची सहा पॅडं असतात, पांढुरक्या राडीनं भरलेली. इथून पुढचा तासभर जे चालतं ते बघायला मात्र कुठलेच काका येत नाहीत.

नेरूळमध्ये गाडी चकचकीत ठेवायची म्हणजे मुळात आशावादी स्वभाव लागतो. एकीकडे खाडीची खारट हवा, दुसरीकडे सेक्टरात कुठल्या ना कुठल्या बिल्डिंगचं पाडकाम. उन्हाळ्यात सोनमोहराचा पिवळा सडा. कबुतरं बाराही महिने. रोज पहाटे बादली-फडकं घेऊन येणारा मुलगा आहे, पण तो एकाच पाण्यात चार गाड्या उरकतो, त्यामुळे शेवटच्या गाडीला पहिल्या तिघींची धूळ मिळते. म्हणून दोन महिन्यांतून एकदा मी स्वतः बसतो. धुवायचं, कोरडं करायचं, मग फोमच्या गोल पॅडवर बोटभर वॅक्स किंवा सीलंट, म्हणजे मेण किंवा त्याचा कृत्रिम भाऊ, घेऊन पातळ थर द्यायचा. गाडीच्या रंगावरचा पारदर्शक थर असतो साधारण 40 ते 50 मायक्रॉनचा, म्हणजे केसाहूनही पातळ, आणि आपलं वॅक्स त्याच्या कितीतरी पटीनं पातळ. एवढ्याशा कामाला डबीतलं फार थोडं लागतं. डबी मात्र दिसता दिसता संपते, कारण बरंचसं पॅडच पिऊन टाकतं.

हे माझ्या लक्षात यायला एक मे महिना जावा लागला. पहिल्या वेळी काम झालं, पॅडं डिकीत टाकली आणि विसरलो. दोन आठवड्यांनी उघडून बघतो तर फोमचा पापड झालेला. अंगठ्यानं दाबलं तर कडकड वाजला. तरी वाटलं, वॅक्स लावलं की मऊ होईल. लावलं. ड्रायव्हरच्या बाजूच्या दरवाजावर पाच मिनिटं घासलं आणि संध्याकाळी पार्किंगची ट्यूबलाइट लागल्यावर दिसलं की दरवाजावर कोळ्यानं जाळं विणलंय. वाळलेल्या वॅक्सचे कण, त्यात अडकलेली धूळ, आणि ते सगळं मी मनापासून गोल गोल फिरवलेलं. चमक आणण्याच्या वस्तूनं ओरखडे काढले होते, आणि दोष वस्तूचा नव्हता.

मग मी त्या काळातल्या माझ्या समजुतीप्रमाणे पॅडं उकळत्या पाण्यात टाकली. मेण आहे, वितळेल. चांगल्या वॅक्समध्ये कार्नोबा असतं. ब्राझीलच्या ईशान्येकडे एक ताडाच्या कुळातलं झाड आहे. कोरड्या दिवसांत पानांतलं पाणी उडून जाऊ नये म्हणून ते पानांवर मेण चढवतं. लोक पानं तोडून वाळवतात, झोडपतात, आणि खाली पडते ती पावडर म्हणजे कार्नोबा. मधमाशीचं मेण 62 ते 64 अंशांना वितळतं, हे 82च्या पुढे. म्हणून तापलेल्या बॉनेटवर टिकतं, आणि म्हणूनच गीझरच्या पाण्याला भीक घालत नाही. उकळतं पाणी ओतल्यावर ते खरंच सुटलं. पाणी निवताना बादलीच्या कडेला दुधावर धरावी तशी साय धरली. मी खूश. पॅड उचललं तर फोम हातात आणि पाठीमागची वेल्क्रोची चकती बादलीच्या तळाशी. मेणाआधी डिंकानं मान टाकली होती. चपलेचा तळवा सुटावा तसं एकेक करत चार पॅडं सुटली.

सीलंटचं तर याहून अवघड. वॅक्स निदान मेण आहे, गोठलं तरी वितळायची तयारी ठेवतं. सीलंट म्हणजे कृत्रिम पॉलिमर. ते वाळताना त्याचे रेणू एकमेकांचे हात धरून बसतात आणि एकदा बसले की साबणालाही उठवता येत नाहीत. वॅक्स हा पाहुणा आहे, सीलंट हा पागडीचा भाडेकरू. तो सामान लावायच्या आत, त्याच दुपारी, बाहेर काढावा लागतो. म्हणून आता काकांशी गप्पा मारायच्या त्या पाचच मिनिटं.

आई हा सगळा प्रकार मोरीच्या दारातून बघत होती. ती बराच वेळ काही बोलत नाही, आणि मग एकच वाक्य बोलते.

"तेलाच्या बरणीत आधी पाणी घालतात का रे?"

घालत नाहीत. हे मला माहीत नव्हतं. लोणच्याची, तेलाची बरणी आधी कोरडीच पुसायची असते. चमचाभर पीठ किंवा कोंडा टाकायचा, तेल त्यात शोषलं गेलं की झाडून टाकायचं, आणि मग साबण. आधीच पाणी घातलं तर तेल सगळीकडे पसरतं आणि साबण पाण्यातच संपतो. पॅडचंही तेच. फोम म्हणजे लाखो छोटी भोकं. ती पाण्यानं भरली की साबण दारातच उभा. तेव्हा आता माझी रीत अशी. जुन्या बनियनवर पॅड दाबून दाबून जेवढं निघेल तेवढं कोरडंच काढायचं. कडेला जमलेलं चमच्याच्या दांड्यानं खरवडायचं. मग कोरड्या पॅडवरच भांड्यांचं लिक्विड, फार माखलं असेल तर डिटेलिंगवाले, म्हणजे गाड्या चकचकीत करून देणारे व्यावसायिक, वापरतात तो ऑल पर्पज क्लीनर, आणि अंगठ्यानं मधून कडेकडे चोळत जायचं.

इथे एक गंमत आहे, ती बघण्यासारखी आहे. सुरुवातीला फेसच येत नाही. कितीही चोळा, बोटांखाली नुसतं साबुदाण्याच्या पेजेसारखं पांढरट बुळबुळीत. साबणाच्या रेणूचं एक टोक पाण्याकडे ओढ घेणारं आणि दुसरं तेलकटाकडे. मेण आहे तोवर ही सगळी मंडळी मेणाला धरून बसलेली असतात, फेस करायला कुणी मोकळं नसतं. कोमट पाण्यात दाबलं की दूध निघतं. दुसऱ्यांदा लिक्विड, पुन्हा तेच, पण दूध पातळ. तिसऱ्या वेळी कधीतरी अचानक अंगठ्याखाली फसफस होते, पांढराशुभ्र फेस बोटांच्या फटींतून वर येतो आणि समजतं, मेण संपलं. हा क्षण मला गाडीच्या चमकेपेक्षा जास्त आवडायला लागलाय. घरात हे कुणाला सांगितलेलं नाही.

"पिळू नकोस," आईनं मागून सांगितलं. "दहीवडा दाबतात तसं दाब." दोन तळहातांत धरून, पाणी निथळेल पण वडा फुटणार नाही, अशा बेतानं. फोम पिळला की आतून चिरतो हे डिटेलिंगवालेही सांगतात, पण त्यांच्यापैकी कुणालाही दहीवडा सुचलेला नाही.

बाबांची बजाज चेतक होती. तिच्या डिकीत कायम एक पिवळं फडकं असायचं, सिग्नलला विकतात ते फ्लॅनेलचं. ऑफिसला निघण्याआधी बाबा स्कूटर पुसायचे. आधी सीट, मग हँडल, आरसा, शेवटी पुढचा मडगार्ड. इतकं सावकाश की सोसायटीतली आम्ही मुलं शाळेची बस सोडून बघत राहायचो. पुसून झालं की फडकं झटकून डिकीत. माझी समजूत अशी की फडकं पिवळंच असतं. आठवडाभर ग्रीस, चिखल, पावसाळ्यातला काळा राडा पुसून पुन्हा सोमवारी ते पिवळंच. त्यात विचार करण्यासारखं मला काही वाटलं नाही, आणि बाबांनाही वाटलं नसावं.

"सोडा घालून वेगळं भिजवायचे मी," आई म्हणाली. "कपड्यांच्या बादलीत नाही घालायचे. फुटकं टमरेल होतं त्याच्यासाठी."

फुटकं टमरेल मला आठवतं. ते कशासाठी होतं हे पंचेचाळिसाव्या वर्षी कळलं. आईच्या घरात फडक्यांची उतरंड असते. हात पुसायचं वेगळं, गरम भांडं उतरवायचं मसोतं वेगळं, ओटा पुसायचं वेगळं, आणि सगळ्यांत खाली जमिनीचं पोतेरं. साडी जुनी झाली की ती एकेक पायरी उतरत पोतेऱ्यापर्यंत जाते, पण कुठल्याही पायरीवर मळलेली राहत नाही. मी तिला समजावून सांगितलं की पॉलिशचं पॅड वॅक्सला चालत नाही, वॅक्सचं सीलंटला नाही. पॉलिशमध्ये रंग घासणारे बारीक कण असतात, त्यातला एक जरी दुसरीकडे गेला तरी घात. म्हणून मी प्रत्येकाच्या पाठीवर मार्करनं अक्षर लिहिलंय. तिनं शांतपणे ऐकून घेतलं.

"म्हणजे सोवळं," ती म्हणाली.

मायक्रोफायबरच्या टॉवेलांबद्दल फार लिहीत नाही, ते वॉशिंग मशीनमध्ये जातात. एवढंच की त्यांच्यात सुती कपडे घालू नयेत, सगळं लिंट, म्हणजे सुताची लव, त्यांनाच चिकटतं. आणि कपड्यांना मऊपणा नि वास आणणारं ते निळं पाणी चुकूनही नको. ते तंतूंवर लेप चढवतं आणि मग टॉवेल पाणी टिपायचं सोडून नुसता इकडून तिकडे ढकलत बसतो. आमच्याकडे एकदा झालं. बायकोनं मायेनं घातलं होतं, त्यामुळे तक्रारही करता आली नाही. टॉवेल गाडीवर मोगऱ्यासारखा दरवळत होता, बाकी उपयोग शून्य.

खरा गोंधळ मात्र केशरी पॅडनं घातला. एका रविवारी धुता धुता फोन आला, मी पॅड सिंकच्या कठड्यावर ठेवून गॅलरीत गेलो. मावशी आल्या. सिंकवर केशरी, गोल, नवी दिसणारी घासणी. त्यांनी ती वापरली. ती पॅडं धुण्याची पहिलीच फेरी होती, फेस अजून यायचा होता. दुपारी जेवायला बसलो तर स्टीलच्या ताटात वाढायच्या आधी सांडलेलं पाणी पसरेना. गोल गोल थेंब झाले आणि ताट कलतं केल्यावर पाऱ्यासारखे पळाले. सहा ताटं, सहाही सारखी. डिटेलिंगच्या जाहिरातीत बॉनेटवर दाखवतात हुबेहूब तसे थेंब. खरं सांगायचं तर माझ्या बॉनेटवर इतके सुरेख कधी झाले नव्हते.

"काय घासणी आहे!" मावशी दुसऱ्या दिवशी म्हणाल्या. "तुम्ही कुठनं आणली?"

मी आईला सांगत होतो की कार्नोबा तसं खाण्यातही असतं. चॉकलेटच्या गोळ्यांना चकाकी येते ती बऱ्याचदा त्याचीच, वेष्टणावर ई 903 लिहिलेलं असतं. आईनं विचारलं, डबीत नुसतं तेवढंच असतं का? नसतं. आत सॉल्व्हंट असतात, आणखी बरंच काही. सहाही ताटं आधी पिठानं, मग सोड्यानं, मग चिंचेनं घासली गेली. मी घासली. तेव्हापासून माझी मोरी वेगळी, बादली वेगळी, आणि एक मगही वेगळा आहे. तो फुटका नाही, पण फुटेल.

वाळवणं हा शेवटचा टप्पा. पॅड वेल्क्रोवर उभं करायचं नाही, पाणी डिंकात उतरतं. फोमची बाजू खाली, सावलीत, वारा लागेल असं. उन्हात ठेवलं तर फोम पिवळा पडतो आणि कालांतरानं बोटांत भुगा होतो. म्हणून मी बाल्कनीत आईच्या कुरडयांच्या चाळणीवर सहाही ओळीनं मांडतो. पिवळी, पांढरी, केशरी. समोरच्या बिल्डिंगमधल्या एक काकू दोनतीन खेपा हे बघत होत्या. शेवटी त्यांनी आईला लिफ्टमध्ये गाठून विचारलं, "ढोकळा वाळवून ठेवता का हो तुम्ही?"

यंदा खंडेनवमीला आईनं पाट मांडला. विळी, कात्री, शिवणयंत्राची सुई, बाबांचा पाना, मुलीचा लॅपटॉप. मी पॉलिशिंगचं यंत्र आणून ठेवलं. "आणि ते?" आईनं विचारलं. ते कोण, हे कळायला मला वेळ लागला. मग सहाही पॅडं आणली. नुकतीच धुतलेली, स्पंज केकसारखी फुगलेली, पाटावर बरी दिसत होती. झेंडूची पाकळी एकेकावर ठेवेल असं मला वाटलं. मी अगरबत्ती पेटवायला वळलो आणि तेवढ्यात तिनं प्रत्येकाच्या बरोबर मध्यावर, अगदी मनापासून, ओली हळद आणि कुंकू लावलं.

दसऱ्याच्या संध्याकाळी मी धुवायला बसलो. लिक्विड लावलं तर कुंकू बरंचसं गेलं. क्लीनर मारला तर हळद गेली नाही, लाल झाली. अल्कली लागली की ती लाल होते, हे शाळेत प्रयोगशाळेत केलेलं होतं. तीनदा धुतलं. पांढऱ्या पॅडच्या मधोमध रुपयाएवढा डाग, ठसठशीत.

"हळद धुऊन जात नाही," आई म्हणाली. "उन्हात ठेव दोन दिवस, आपोआप उडेल."