तुम्ही विचारलंत म्हणून: किशोरचं गाणं सोपं वाटतं, मग स्टेजवर जमत का नाही?

जुलै लागला की नाशिकमध्ये हा प्रश्न हमखास येतो. ४ ऑगस्ट हा किशोरकुमारचा जन्मदिवस, १३ ऑक्टोबर हा स्मृतिदिन. या दोन तारखांच्या आगेमागे शहरात कराओकेचे कार्यक्रम होतात आणि नोटप्रेसमधून निवृत्त झालेल्यांपासून सातपूर-अंबडच्या कारखान्यांतल्या इंजिनियरांपर्यंत सगळे तयारीला लागतात. प्रश्न साधारण असा असतो: "रफीसाहेब झेपत नाहीत म्हणून किशोर घेतला. घरी बरं होतं. स्टेजवर मात्र सपाट वाटतं. सूर चुकत नाही, ताल चुकत नाही, मग चुकतं काय? आणि सुरुवात कोणत्या गाण्यापासून करू?"

चुकतं ते हे: तुम्ही चाल पाठ करता, आणि किशोर बोलतो. तो माईकसमोर उभा राहून भूमिका करतो. हे समजून घ्यायचं तर त्याच्या कारकिर्दीची पहिली वीस वर्षं नीट बघावी लागतात. आपल्याकडे किशोर म्हटलं की सगळे १९६९ च्या 'आराधना'पासून मोजायला लागतात, आणि खरी तालीम तर त्याच्या आधी होऊन गेलेली असते.

४ ऑगस्ट १९२९ ला खंडव्यात जन्म, नाव आभासकुमार गांगुली. थोरले बंधू अशोककुमार मुंबईत नट म्हणून नाव कमावून बसलेले. किशोर पडद्यावर आला १९४६ च्या 'शिकारी'त, तोही नट म्हणून. गायक म्हणून पहिलं एकट्याचं गाणं १९४८ च्या 'जिद्दी'तलं, देव आनंदसाठी, खेमचंद प्रकाशांच्या संगीतात. ते गाणं आज ऐका. आवाज कोवळा आहे आणि ढंग सरळसरळ त्याच्या आधीचा गायक-नट कुंदनलाल सैगलचा आहे. सैगल त्याचं दैवत होतं. शास्त्रीय गाण्याची रीतसर तालीम त्याने कधीच घेतली नव्हती. पुढची वीसेक वर्षं तो मुख्यतः स्वतःसाठी आणि देव आनंदसाठी गात राहिला आणि बाकीचा वेळ कॅमेऱ्यासमोर विनोदी नायक म्हणून उभा होता.

या काळातली एक गोष्ट फार कमी जणांच्या लक्षात असते. १९५८ च्या 'रागिणी'त नायक किशोरकुमार आहे आणि त्यातलं शास्त्रीय वळणाचं 'मन मोरा बावरा' हे गाणं किशोरच्या तोंडी असून आवाज आहे रफींचा. संगीतकार ओ. पी. नय्यर. स्वतः गायक असलेल्या नटाला उसना आवाज घ्यावा लागला. त्याला काय येत नव्हतं ते इथे दिसतं. काय येत होतं ते १९६२ च्या 'हाफ टिकट'मध्ये दिसतं.

'हाफ टिकट'मधलं 'आके सीधी लगी दिल पे' एकदा हेडफोन लावून ऐका. सलिल चौधरींच्या या गाण्यात स्त्रीचा आवाजही किशोरचाच आहे आणि पुरुषाचाही. पडद्यावर बाईच्या वेशात किशोर आणि समोर प्राण. नुसता वरच्या सुरात बारीक आवाज काढला की बाई होत नाही, हे इथे कळतं. बाईच्या ओळीत तो जीभ पुढे आणतो, शब्दांची टोकं नाजूक करतो, ओळ संपताना लाडिक मुरड देतो. पुरुषाच्या ओळीत छाती उघडतो, शब्द जड होतात. दोन ओळींमध्ये श्वासापुरती जागा, आणि तेवढ्यात माणूस बदललेला असतो. हे गळ्याचं काम नाही, नटाचं आहे. पुढे राजेश खन्नासाठी एक, अमिताभसाठी दुसरा आणि देव आनंदसाठी तिसरा किशोर ऐकू येतो, त्याची मुळं इथे आहेत. 'पडोसन'मध्ये (१९६८) तर त्याची भूमिकाच आडोशाला उभं राहून सुनील दत्तसाठी गाणाऱ्या गुरूची आहे, आणि समोर मेहमूदच्या आवाजात मन्ना डे. शास्त्रीय तालमीचा गायक आणि नट-गायक यांचा सामना ज्याला अभ्यासायचा आहे त्याने त्यातलं 'एक चतुर नार' हे एक गाणं घेऊन महिनाभर बसावं.

'आराधना'नंतरचा काळ सगळ्यांना माहीत आहे, त्यामुळे त्यावर जास्त लिहीत नाही. पार्श्वगायनाची आठ फिल्मफेअर पारितोषिकं, आणीबाणीत सरकारी कार्यक्रमाला नकार दिला म्हणून आकाशवाणीवरून बंद झालेली गाणी, १९८७ मध्ये अशोककुमारांच्या वाढदिवशीच झालेला मृत्यू.

आता तुमच्या गाण्याकडे येऊ.

पहिले तीन दिवस गाणं गाऊच नका. बोल वहीत हाताने लिहा आणि ते संवादासारखे बोला. कोण कोणाला बोलतंय, किती अंतरावरून, दिवस आहे की रात्र. 'चिंगारी कोई भड़के' (१९७२, 'अमर प्रेम') घ्या. रात्रीची वेळ, होडी, दोघं हातभर अंतरावर. एवढ्या जवळच्या माणसाशी कोणी ओरडून बोलत नाही. आपल्या कार्यक्रमांत हे गाणं नव्वद टक्के वेळा पडतं ते इथेच. गाणारा दुःख दाखवायला आवाज थरथरवतो, रडवेला होतो. किशोर सूर सरळ ठेवतो, ओळीचा शेवट हलका करून सोडून देतो. राग भैरवीचा आहे, ती आपलं काम करतेच. तिच्यावर आणखी रडणं ठेवलं की गाणं बुडालं.

दुसरं म्हणजे तोंड. हे खास आपल्या मराठी लोकांसाठी. खंडवा नाशिकरोडच्याच रेल्वेमार्गावर, भुसावळच्या पुढे आहे, पण किशोरची हिंदी तिथली स्वच्छ हिंदी आहे. घर बंगाली, तरी उच्चारात बंगाली छटा नाही. आपण मात्र चार चुका ठरवून केल्यासारख्या करतो. 'दिल'ला 'दील' म्हणतो, कारण मराठीत शेवटच्या अक्षराआधीचा ऱ्हस्व इकार आपोआप लांबतो. 'है'ला 'हइ' म्हणतो. हिंदीत तो 'हॅ'च्या जवळचा, एकसंध आहे. 'मैं', 'हूँ', 'नहीं' यांतला नाकातला सूर गाळून टाकतो. आणि 'जाना', 'चल' यांत 'जहाज', 'चमचा' यांतला दातांमागचा उच्चार घुसडतो. तिथे 'जेवण', 'चित्र' यांतला उच्चार हवा. तुमचं गाणं मोबाईलवर रेकॉर्ड करा, आणि फक्त या चार जागा ऐका. सूर ऐकूच नका. एका गाण्यात पंधरा-वीस चुका सापडतील. त्या दुरुस्त झाल्या की निम्मा सपाटपणा जातो.

मग पट्टी, म्हणजे गाणं किती उंच सुरात धरायचं ते. ट्रॅक बहुतेक मूळ पट्टीतलाच मिळतो आणि लोक त्याला प्रमाण मानून गळा ताणतात. असं करू नका. मुखडा, म्हणजे परतपरत येणारी सुरुवातीची ओळ, कोणत्याही पट्टीत बरा वाटतो. फसवतो तो अंतरा, म्हणजे मधलं कडवं. म्हणून आधी अंतऱ्यातली सगळ्यात वरची जागा म्हणून बघा आणि मग मुखड्यातली सगळ्यात खालची. वरची जागा सलग तीनदा न ओरडता लागली आणि खालची माईकशिवाय दोन हातांवर ऐकू आली, तर पट्टी तुमची. नाहीतर ट्रॅक खाली घ्या. मूळ गाणं काळी दोनमध्ये, म्हणजे पेटीच्या दुसऱ्या काळ्या पट्टीत, असेल तर दोन अर्धस्वर उतरवल्यावर काळी एक होते. अॅपमध्ये ते उणे दोन असं दिसतं. उणे तीनच्या खाली सहसा जाऊ नका, वाद्यांचा आवाज घोगरा आणि खोटा व्हायला लागतो. त्यापेक्षा गाणं बदला.

यॉडलिंगबद्दल सगळ्यात जास्त विचारलं जातं, आणि सगळ्यात जास्त गळे तिथेच बसतात. ते म्हणजे छातीचा भरीव आवाज आणि डोक्यातला पातळ आवाज यांच्यामध्ये मारलेली झटपट उडी. आपल्याला शिकवलेलं असतं की दोन्हींचा सांधा दिसू द्यायचा नाही. इथे तो सांधा ऐकू यायलाच हवा. खाली 'ओ' किंवा 'आ', वर 'ई' किंवा 'ऊ', कारण 'आ' घेऊन वर उडी मारली की छातीचा आवाज सुटत नाही आणि किंकाळी होते. आधी नुसतं 'ओ–ई, ओ–ई', अगदी सावकाश, मधल्या सुरांत, एका वेळी दोनच सूर. आवाज मऊ ठेवा. पाच मिनिटं झाली की थांबा, पाणी प्या, त्या दिवसापुरतं पुरे. आठवडाभराने मध्ये 'डल' घाला: 'ओ-डल-ई'. जीभ टाळूला लागते त्याच क्षणी उडी बसते, म्हणून ते अक्षर तिथे आहे. घशात खवखव आली किंवा दुसऱ्या दिवशी सकाळी आवाज जड वाटला, तर तुम्ही जोर लावताय. तीन-चार आठवडे हे झाल्याशिवाय 'ज़िंदगी एक सफर है सुहाना' (१९७१, 'अंदाज') कार्यक्रमात घेऊ नका. त्यात यॉडलिंग शेवटी शोभेला लावलेलं नाही, तो त्या मोटारसायकलवरच्या माणसाचा आनंद आहे. चेहरा कोरा ठेवून ते काढलं तर नुसती कसरत ऐकू येते.

माईक तोंडापासून चार बोटं. हळू ओळीला दोन बोटं, वरच्या जागेला वीतभर. माईक जवळ आणला की आवाजातला खर्ज वाढतो, हा माईकचा गुण आहे. किशोरच्या खालच्या सुरांसाठी तो वापरा. पण जाळी मुठीत धरू नका, शिट्टी वाजते. माईक तोंडासमोर सरळ न धरता थोडा तिरका धरा, म्हणजे 'प' आणि 'भ' फुटत नाहीत. साऊंडवाल्याला एकच गोष्ट सांगा: एको कमी. आपल्याकडे एको इतका सोडतात की एका शब्दाचं शेपूट पुढच्या शब्दावर पडतं, आणि किशोरचं सगळं काम शब्दांत असल्यामुळे नुकसान त्याचंच होतं. घरी सराव करताना ब्लूटूथ स्पीकर टाळा. आवाज सेकंदाच्या एक-दोन दशांशाने उशिरा येतो आणि तुम्ही त्याच्यामागे रेंगाळायची सवय लावून घेता. स्टेजवर लय पडली की लोक ट्रॅकला दोष देतात, पण दोष त्या सवयीचा असतो. वायरचा स्पीकर किंवा वायरचे हेडफोन घ्या.

कालिदास कलामंदिरात संध्याकाळी गाणं असेल तर सकाळची मिसळ दुसऱ्या रविवारी खा. तर्रीने आम्लपित्त वर येतं आणि घसा सुजतो. कोमट पाणी प्यायलं तरी तो लगेच उतरत नाही. थंडीतल्या कार्यक्रमाला बाहेरून आल्यावर पंधरा मिनिटं गप्प बसा, मग आवाज लावा.

गाण्यांचा क्रम असा धरा. पहिलं 'आ चल के तुझे'. १९६४ चा 'दूर गगन की छाँव में' हा चित्रपट किशोरने दिग्दर्शित केला, संगीत त्याचं, हे गीतही त्याचंच लिहिलेलं, आणि पडद्यावर सोबत मुलगा अमित. लेकराला कडेवर घेऊन बोलल्यासारखं गाणं आहे, उड्या लहान आहेत, लपायला जागा नाही. हे बोलल्यासारखं आलं की पुढचं सगळं येतं. त्यानंतर एखादं ठेक्याचं गाणं. मग 'कोई हमदम न रहा', १९६१ च्या 'झुमरू'तलं, झिंझोटी रागाच्या अंगाचं. हे मूळ अशोककुमारांनी १९३६ मध्ये गायलेलं गाणं. थोरल्या भावाचं गाणं धाकट्याने पंचवीस वर्षांनी कसं संथ आणि जड केलं ते ऐकून मगच म्हणा. शिवरंजनी रागातलं 'मेरे नैना सावन भादों' पहिल्या वर्षी नको. त्याचा अंतरा भल्याभल्यांना उघडा पाडतो, आणि श्रोत्यांच्या कानात लताबाईंचंही तेच गाणं असतं.

आणि आवाज किशोरसारखा काढू नका. घसा दाबून, हनुवटी छातीला टेकवून काढलेला तो जाड आवाज दोन गाण्यांत दमतो आणि वरची जागा आली की सटकतो. सैगलची नक्कल सोडून स्वतःच्या आवाजात गा, हे सचिनदेव बर्मनांनी खुद्द किशोरलाच सांगितलं होतं. नक्कल करायचीच असेल तर त्याच्या श्वासाची करा. 'रूप तेरा मस्ताना'मध्ये तो श्वास लपवत नाही, गाण्यात वापरतो. ओळ सुरू व्हायच्या एक मात्रा आधी तोंडाने श्वास घ्या, माईक दूर नेऊ नका, तो ऐकू येऊ द्या, आणि त्याच श्वासावर पहिला शब्द ठेवा.