उत्तरेच्या खिडकीतलं ऊन

मी पुण्यात फिश टँक मेंटेनन्सचं काम करतो, म्हणजे घरोघरी जाऊन टँक साफ करणं, फिल्टर बघणं, नवीन सेटअप लावून देणं वगैरे. मे महिन्याचा तिसरा आठवडा असेल, सकाळी साडेसहाला कोथरूडच्या एका काकांचा फोन आला, "अरे लगेच ये, सगळे मासे वर येऊन तोंडं उघडझाप करतायत."

यांचा चार फुटी टँक मीच दिवाळीत लावून दिला होता. सहा गोल्डफिश, आणि नंतर कुठल्यातरी दुकानदाराने "शेवाळ खातो, टँक साफ ठेवतो" असं सांगून गळ्यात मारलेला एक सकर मासा. एप्रिलअखेरपर्यंत सगळं मस्त होतं, मग पाणी हिरवं व्हायला लागलं. काच पुसली तर बोटाला काही लागत नाही, पाणीच हिरवं. काका दर रविवारी अर्धं पाणी बदलायचे आणि बुधवारपर्यंत परत तेच. मला फोन केला होता त्यांनी, मी सीझनच्या गडबडीत लाइट कमी ठेवा, खाणं कमी टाका एवढं सांगून मोकळा झालो होतो.

पोचलो तर एक गोल्डफिश गेलेला, बाकी पाच फिल्टरच्या धारेखाली गर्दी करून हवा ओढतायत, आणि पाणी हिरवं नाहीच, करडट पांढरं, भाताच्या पेजेसारखं, वर वास मारतंय. सकर मात्र निवांत. तो अधूनमधून वर येऊन हवेचा घोट घेऊन जातो, त्याच्या पोटाला थेट हवेतला ऑक्सिजन घेता येतो म्हणून हा कमी ऑक्सिजनमध्येही तग धरतो. (हिरवं पाणी काही तो खात नाही, ती शेवाळ एकपेशीय असते आणि पाण्यात तरंगते, काचेवर चिकटलेली असेल तर ठीक. वर हा फूटभर वाढतो आणि घाण करतो ती वेगळीच. दुकानदार लोक कधी सुधारणार माहीत नाही.)

म्हणलं काका काल काय केलंत, तर त्यांनी बाटली पुढे केली, शेवाळ मारायचं औषध. संध्याकाळी टाकलं, लवकर जावं म्हणून दुप्पट टाकलं, आणि रात्री दहाला नेहमीसारखा एअर पंप बंद केला, घरघर होते, काकूंना झोप लागत नाही.

मग चित्र स्पष्ट झालं. हिरवं पाणी दिवसा ऑक्सिजन सोडतं म्हणून मासे मजेत दिसतात, पण अंधारात तीच शेवाळ माशांसारखा ऑक्सिजन ओढते, म्हणून असले टँक नेहमी पहाटेच दगा देतात. इथे तर सगळी शेवाळ एकदम मेली, ती सडायला लागली की बॅक्टेरिया उरलासुरला ऑक्सिजन खातात आणि माशांना विषारी असलेला अमोनिया वाढतो. त्यात मे महिना, पाणी 31 डिग्री, गरम पाण्यात मुळात ऑक्सिजन कमी मावतो. अमोनियाची टेस्ट पिवळी राहायला हवी होती, ती हिरवी आली.

आधी दोन एअर स्टोन (पंपाची हवा बारीक बुडबुडे करून सोडणारे दगड) जोरात चालू केले, मग एक तृतीयांश पाणी काढून क्लोरीन मारायचं औषध घातलेलं ताजं पाणी हळूहळू सोडलं. दुपारी गच्चीच्या टाकीचं पाणी चटके देतं म्हणून संध्याकाळसाठी बादल्या सकाळीच भरून ठेवल्या. फिल्टरचा स्पंज बाई दर आठवड्याला नळाखाली घासून धुवायची, क्लोरीनने त्यातले कामाचे बॅक्टेरिया मरतात, म्हणून तो टँकमधून काढलेल्या पाण्यातच पिळला. तासाभरात मासे खाली उतरले.

त्यानंतर मी लेक्चर चालू केलं. नातू सुट्टीला आलाय, दिवसातून पाचसहा वेळा चिमूट चिमूट खाणं टाकतो, रात्री अकरापर्यंत लाइट चालू ठेवतो. सगळं बरोबरच होतं माझं, आणि काका बिचारे मान हलवत ऐकून घेत होते.

संध्याकाळी पाच वाजता दुसऱ्यांदा पाणी बदलायला गेलो आणि दारातच थांबलो. खिडकीतून उन्हाचा रुंद पट्टा तिरका येऊन टँकच्या मागच्या काचेतून आरपार जात होता. काकू म्हणाल्या, "हो रे, महिनाभर येतंय, साडेचार ते साडेसहा, सोफा पण तापतो."

ही उत्तरेची खिडकी, किंचित वायव्येकडे वळलेली. दिवाळीत मीच छाती ठोकून सांगितलं होतं की उत्तरेकडून ऊन येत नाही, टँक इथेच ठेवा. नोव्हेंबरात सूर्य दक्षिणेकडे कलून मावळतो तेव्हा ते खरंच होतं, पण पुण्यात मेच्या मध्यावर शून्य सावलीचा दिवस येतो, सूर्य डोक्यावरून उत्तरेला सरकतो आणि वायव्येकडे कलून मावळतो. शाळेत शिकलेलं, पण टँक ठेवताना कोण आठवतंय. रोजचं दोन तास थेट ऊन आणि नातवाने टाकलेल्या खाण्याच्या कृपेने भरपूर नायट्रेट, फॉस्फेट, शेवाळीला अजून काय पाहिजे! सकाळचं लेक्चर आठवून माझे कान गरम झाले. सांगून टाकलं, काका जागा मी चुकवली. ते नुसते हसले, काकूंनी चहा टाकला.

दोनशे लिटर पाण्याचा टँक काही सरकत नाही. मागच्या काचेला काळा कागद लावला, खिडकीला काकूंची जाड चादर टांगली. मासे दोन दिवस सावरू दिले, टेस्ट परत पिवळी आली, पण पाण्यात हिरवट झाक होतीच, मग तीन दिवस टँकवर चादरी टाकून पूर्ण अंधार, एअर पंप चोवीस तास, खाणं बंद. नातवाला ते उपाशी ठेवणं अजिबात पटलं नाही, त्याला मोठा गोल्डफिश तीन दिवस सहज राहतो हे समजवण्यात माझा अर्धा तास गेला. चौथ्या दिवशी यूव्ही (तरंगती शेवाळ मारणारा दिवा) लावला, आता लाइट टायमरवर सात तास. खिडकीवरची चादर ऑगस्ट संपेपर्यंत काढू नका म्हणून सांगितलंय.

त्या दिवशीची व्हिजिट फी घेतली नाही, यूव्हीचे तेवढे घेतले.

आठवड्याने काकांचा परत फोन, मला धस्स झालं. "अरे पाणी एवढं स्वच्छ झालंय की काचेवरचे ओरखडे दिसायला लागलेत, तुझ्याच त्या स्क्रॅपरचे ना?"