पेन्सिलीने लिहिलेली ड्यूटी लिस्ट

रविवार, रात्री साडेदहा

पुढच्या आठवड्याची ड्यूटी लिस्ट आत्ता कुठे हातावेगळी होतेय. पूर्वी मी अर्ध्या तासात, पेनने लिहून मोकळी व्हायचे. आता पेन्सिल आणि खोडरबर घेऊन बसते.

गेल्या महिन्यात माझ्या वॉर्डातल्या एका नर्स पोरीच्या हातून चूक झाली. पुढच्या ड्यूटीची रिलीव्हर आली नाही म्हणून इव्हिनिंग संपवून ती तशीच नाईटला थांबली होती. पहाटे पाचला तिने एका पेशंटचं सलाईन शेजारच्याला लावलं. तिच्याच लगेच लक्षात आलं, पेशंटला काही झालं नाही, डॉक्टरांनाही तिनेच सांगितलं. मी सकाळी येऊन सरळ मेमो काढला. कारण लिहिलं, 'निष्काळजीपणा'.

दुपारी कपाट आवरताना तिचा डबा सापडला. झाकणही उघडलं नव्हतं. पोळ्या कडक झालेल्या, उसळ आंबलेली. सोळा तास ही पोर उपाशी उभी होती आणि मी तिला निष्काळजी ठरवलं. फार लाज वाटली.

जनरल हॉस्पिटलात पाच पेशंटमागे एक नर्स हवी, हा भारतीय परिचर्या परिषदेचा निकष. आमच्याकडे नाईटला चाळीस खाटांना दोघी असतात. रिकाम्या जागा भरणं माझ्या हातात नाही, लिस्ट मात्र आहे. नाईटनंतरचा ऑफ आता मी मोडत नाही. कुणाच्या मुलाची परीक्षा, कुणाच्या सासूबाईंचं डायलिसिस, हे लिस्ट लिहिण्याआधी विचारते. ड्यूटी रूममध्ये टेलिमानसचा, म्हणजे मानसिक आरोग्याच्या सरकारी हेल्पलाइनचा, १४४१६ नंबर लावलाय. चोवीस तास, फुकट, मराठीतही बोलता येतं. पण तो फिरवायलासुद्धा दहा मिनिटांची उसंत लागते, ती आधी मिळायला हवी.

मेमो मागे घेतला तेव्हा ती म्हणाली, "सिस्टर, चूक तर झालीच होती. फक्त पुन्हा कुणी आलं नाही, तर रात्री तुम्हाला फोन केला तर चालेल का?"

सात वर्षं मी या वॉर्डाची इन्चार्ज आहे. एवढं विचारायचीही या पोरींना भीती वाटत होती, हे मला त्या दिवशी कळलं.

बुधवारच्या नाईटला अजून एकच नाव आहे. उद्या सकाळी मेट्रनबाईंना भेटून दुसऱ्या वॉर्डातून कुणी मिळतं का बघते. नाहीच मिळालं, तर इव्हिनिंगवालीला थांबवणार नाही. मी येईन.