आज्जाचं पोर्ट्रेट मी काढलं, जीव मात्र स्टुडिओवाल्यानं काढला

पेन्सिलनं पोर्ट्रेट काढायचं म्हटलं की सगळे विचारतात पेन्सिल कुठली, पेपर कुठला. अरे ते मिळतंय की. बेळगावच्या खडे बाजारात चक्कर टाकली की एचबीपासून ८बीपर्यंत सगळं मिळतं (बीचा आकडा जेवढा मोठा, तेवढी पेन्सिल मऊ आणि काळी). पहिला प्रश्न फोटो कुठला हा आहे, आणि त्यावरच माझं डोकं अजून तापलेलं आहे म्हणून आधी तेच सांगतो.

आज्जाचा बरा असा एकच फोटो. ब्लॅक अँड व्हाईट, पोस्टकार्डापेक्षा लहान, डोक्याला पटका, एका बाजूनं खिडकीचा उजेड आणि दुसऱ्या गालावर मस्त सावली. खानापूरला मामांच्या घरी भिंतीवर. मामांनी मोबाईलवर काढून पाठवला तर काचेत ट्यूबलाईट पण दिसते आणि मामा पण दिसतात, वर व्हॉट्सअ‍ॅपनं फोटो दाबून बारीक केलेला. (फोटो मागवायचा तर डॉक्युमेंट म्हणून पाठवायला सांगा, तसा दाबला जात नाही.) मग फ्रेम उघडून मूळ फोटो बाहेर काढला आणि बेळगावात एका स्टुडिओत नेला. स्वच्छ मराठीत सांगितलं, ६०० डीपीआयला (म्हणजे इंचाला ६०० ठिपके) स्कॅन करा, दुसरं काही करू नका. चेहरा जेमतेम इंचभर, म्हणजे ६०० पिक्सेल तरी मिळतात, तेवढ्यात भागतं.

“नाळे बर्री,” म्हणजे कानडीत उद्या या. दुसऱ्या दिवशी गेलो तर मालक नाहीत. पुढं लाईट नाही. मग पोरगा म्हणाला झालंय सर, एकदम क्लिअर केलंय, आणि स्क्रीनवर जो माणूस दाखवला तो आमच्या घराण्यातला नव्हताच. सुरकुत्या गायब, गाल गुळगुळीत, डोळ्यांत हिरोसारखी चमक.

“अण्णा, हे कोण?”

“एआयनं केलंय सर, जुना फोटो नवीन होतो.”

आता ह्याला काय सांगायचं. जुन्या फोटोत जे दिसतच नाही ते त्या सॉफ्टवेअरला कुठनं दिसणार, ते आपलं अंदाजानं डोळे बसवतं, पापण्या बसवतं, आणि आपण तासन् तास घासून कुठल्यातरी अनोळखी माणसाचं हुबेहूब चित्र काढायचं! त्यात चेहरा सगळीकडनं सारखा उजळलेला. पोर्ट्रेट उभं राहतं ते उजेड आणि सावली यांच्या मधल्या करड्या छटांवर. गालाचं हाड, नाकाची बाजू, खालच्या ओठाखालची सावली, हे पुसलं की उरतो पासपोर्ट फोटो. मूळ स्कॅन द्या म्हटलं तर त्यावरच सेव्ह केलेलं. परत स्कॅन करा म्हटलं तर मूळ फोटोच सापडेना, तो निघाला दुसऱ्या कुणाच्या लग्नाच्या पाकिटात. शेवटी मशीनशेजारी उभा राहिलो, माझ्यासमोर स्कॅन करून घेतला आणि पेन ड्राईव्ह हातात पडल्यावरच तिथनं हललो. पैसे मात्र “क्लिअर” करण्याचे पण लावले. घासाघीस केली नाही, सुटलो एकदाचा म्हटलं.

पुढचं काम खरं सांगायचं तर आनंदाचं होतं. प्रिंटवर एक सेंटिमीटरचे चौकोन आखले, कागदावर तीन सेंटिमीटरचे, हलक्या एचबीनं, आणि एकेक चौकोन बघून उतरवत गेलो. डोळे येतात डोक्याच्या उंचीच्या साधारण निम्म्यावर, पण पटका असल्यावर डोकं कुठं संपतं तेच कळत नाही, तिथं चौकोनांनी वाचवलं. प्रिंट आणि कागद दोन्ही उलटे करून ओठ काढा, मग आपण “ओठ” काढत नाही, जे दिसतं तेच काढतो.

एचबी जोर देऊन चालवू नका, कागदात चर पडतात आणि वरनं ६बी फिरवली तरी ते फिकटच राहतात. काळा कोट गडद करायला जोरात घासलं तर ग्रॅफाईट चमकायला लागतं, त्यापेक्षा २बी, ४बी, ६बी असे हलके थर चढवत जा. गुळगुळीत कागद थर जास्त घेत नाही, थोडा खरबरीत घ्या. सुरकुती म्हणजे रेघ नव्हे, एका बाजूला मऊ सावली आणि शेजारी उजेडाची कड, ती कड मळायच्या खोडरबरानं उचलायची. डोळ्याचा पांढरा भाग पण करडाच असतो. पांढऱ्या पटक्याला तर मी फक्त घड्यांत पेन्सिल लावली.

हां, चित्र फासू नये म्हणून हाताखाली कोरा कागद ठेवा, हे पहिल्यांदा सांगायला हवं होतं. आणि पावसाळ्यात आमच्याकडं कागद सर्दावतो, मग ग्रॅफाईट ठिपक्याठिपक्यांनी बसतं, म्हणून कागद कपाटात सपाट ठेवा.

पोर्ट्रेटचा विषय निघाला की बेळगावात इथले नावाजलेले पोर्ट्रेट चित्रकार के. बी. कुलकर्णी यांचं नाव निघतंच, त्यामुळं शेजारचे काका आले ते परीक्षकासारखेच आले. बराच वेळ बघून म्हणाले, “डावी भुवई अशीच होती हो त्यांची.” मी आतनं फुगलो.

फ्रेम करताना माउंट (चित्राभोवतीची जाड पुठ्ठ्याची चौकट) लावायला सांगा, काच चित्राला टेकली की ग्रॅफाईट काचेला लागतं. आणि स्कॅनची फाईल स्टुडिओत ठेवतो म्हणाले तर ऐकू नका, तिथल्या तिथं स्वतःला मेल करून घ्या.