त्रिकोणी घडीतला खण

रविवार, रात्री साडेनऊ

गौरी आठ दिवसांवर आल्या, म्हणून आज दुपारी आजीची ट्रंक उघडली. खरं तर मुखवट्यांमागे लावायचं जरीचं कापड शोधत होते. ते मिळालं नाही. तळाशी जुन्या लुगड्यात बांधलेले सात खण मिळाले, सगळे त्रिकोणी घडीचे. एकावर अजून हळदीचं बोट उमटलेलं होतं.

वरचाच एक खिडकीपाशी नेला. सरळ धरला तर हिरवा, जरा तिरका केला की डाळिंबी. उभा धागा एका रंगाचा आणि आडवा दुसऱ्या, म्हणून ही धूपछाव. त्यावरची बारीक बुट्टी भरतकामाची नाही, विणतानाच उभ्या धाग्यांतून उठवलेली. दोन्ही कडांना काठ. बोट फिरवलं की बुट्टी हाताला लागते.

आमच्याकडे हे खण यायचे ते गुळेदगुड्डचे. गाव आज कर्नाटकात, बागलकोट जिल्ह्यात, पण 1956 पर्यंत तो सगळा मुलूख मुंबई राज्यातच होता. जवळच इरकल. तिकडचं लुगडं आणि तिकडचाच खण, अशी आजीच्या पिढीची जोडी ठरलेली होती. खणाचा पन्हा साडीपेक्षा बराच अरुंद, कारण तो विणलाच जायचा चोळीसाठी. एक खण म्हणजे एक चोळी. बेतताना काठ बरोबर बाहीच्या कडेला यायचा, पुढे गाठ, आणि चिंधीसुद्धा वाया जायची नाही.

मग शिवलेलं ब्लाउज आलं, मॅचिंगचं कापड आलं आणि चोळी गेली. खण मात्र गेला नाही. तो ओटीत राहिला. हळदीकुंकवाला यायचा, कपाटात पडायचा, पुढच्या सवाष्णीच्या ओटीत जायचा. कितीतरी खण असे घरोघर फिरले आणि कुणाच्याच अंगाला लागले नाहीत. गेल्या काही वर्षांत खणाच्या साड्या, कुर्ते, जॅकेटं, पिशव्या, कानातलीसुद्धा दिसायला लागली, तेव्हा सगळे म्हणाले, जुनी फॅशन परत आली. मला वाटतं, ती परत आली कारण ती घडी घालून प्रत्येक घरात ठेवलेली होती. ज्या मुलींनी खणाची साडी पहिल्यांदा नेसली, त्यांनी आईच्या मांडीवर बसून ओटीचा खण आधीच हाताळलेला होता.

मीही दोन वर्षांपूर्वी खणाची साडी घेतली. दुकानदारानं हातमागाची, सुती-रेशमी म्हणून दिली. पहिल्याच दिवशी अंगाला चिकटली. कडेचा एक धागा ओढून समईवर धरला तर सुतासारखी राख झालीच नाही, वितळून काळा मणी झाला, म्हणजे धागा कृत्रिम होता. पैशांपेक्षा वाईट या गोष्टीचं वाटलं की बुट्टी तीच होती. ज्या विणकराच्या घरात ती पिढ्यान् पिढ्या उठवली गेली, त्याच्या पदरात त्यातलं काहीच पडलं नव्हतं. स्वस्त कापडावर माझा राग नाही. सगळ्यांना हातमाग परवडत नाही, मलाही दर वेळी नाही. पण जे आहे ते सांगून विकावं.

संध्याकाळी तो हिरवा-डाळिंबी खण घेऊन शिंप्याकडे गेले. मला हवं होतं लांब बाहीचं, बंद गळ्याचं ब्लाउज, सध्या सगळ्या घालतात तसं. त्यांनी खण टेबलावर पसरला, पट्टी लावली आणि म्हणाले, "ताई, पुरत नाही. पन्हाच एवढा आहे. बाही जोडावी लागेल, नाहीतर दुसरा खण आणा."

मी दोन मिनिटं तशीच उभी राहिले. दुसरा खण होता की घरी. पण त्या कापडाला बघून वाटलं, माप याचं पाळू या. म्हटलं, बाही कोपराच्या वर ठेवा, काठ आजीच्या चोळीसारखा कडेला येऊ दे, आणि मागे साधं सुती कापड लावा. ते मनापासून खूश झाले. खडूनं आखतानाच म्हणाले, "आता बघा कसं बसतं."

हे ब्लाउज मी फक्त सणापुरतं ठेवणार नाही. ऑफिसात, माझ्या बिनकाठाच्या करड्या सुती साडीवर घालणार. नथ नाही, ठुशी नाही. मला नवं हवं ते एवढंच: एक जुनी वस्तू, आणि तिच्याभोवती भरपूर साधेपणा. आजी चोळी घालायची तेव्हा तिच्यासाठीही तो रोजचाच कपडा होता, शेण गोळा करतानाही तोच.

शिंप्यानं इस्त्री फिरवली तेव्हा घडीची रेघ गेली नाही. इतकी वर्षं दुमडून दुमडून तिथला रंग उडालाय, खणावर तिरपी फिकट ओळ राहिली आहे. ते म्हणाले, बेतताना ती आत घालतो. मी नको म्हटलं. डाव्या बाहीवर येईल बहुतेक. मंगळवारी संध्याकाळी ट्रायल आहे.

उरलेल्या सहा खणांपैकी हळदीचं बोट उमटलेला तेवढा पुन्हा त्रिकोणी घडी घालून देवघरात ठेवलाय. तो गौरींच्या ओटीला.