बार्तोलो मास्कारेल्लोची २०१३ची बारोलो

बारोलो ही इटलीच्या पिएमोंते भागातली, नेबिओलो द्राक्षाची रेड वाईन, पहिल्यांदा ग्लासात ओतली की लोक हमखास विचारतात, एवढी फिकट कशी? महागडी रेड वाईन म्हटली की आपल्या डोळ्यासमोर गडद जांभळा रंग येतो, पलीकडचं काही दिसू नये असा. आणि ही विटकरी लाल, ग्लास जरा तिरका धरला की कडेला नारिंगी झाक. नेबिओलो द्राक्षाचा रंगच तसा असतो, त्यावरून वाईन पातळ समजायचं नाही. एक घोट घेतला की जीभ, हिरड्या, टाळू सगळं आवळून येतं, सुपारी चघळल्यावर होतं ना अगदी तसं, आणि आंबटपणा पण भरपूर, तोंडाला पाणी सुटतं नी त्याच वेळी तोंड कोरडं पण पडतं.

मी मूळची पुण्याची, गाड्यांच्या डिझाईनच्या कामामुळे तोरिनोला राहते, आणि बारोलो गाव इथून तासा-सव्वातासावर आहे. तरी मास्कारेल्लोंची ही बाटली आधी कधी घेतली नव्हती कारण किंमत. दोनशे युरोच्या वरच जाते. शेवटी गेल्या हिवाळ्यात ऑफिसातल्या चौघांनी कॉन्ट्री काढली आणि एकाच्या घरी उघडली.

आधी ही वाईन करणाऱ्या मास्कारेल्लो घराण्याविषयी थोडं. ज्युलिओ मास्कारेल्लोनी पहिल्या महायुद्धानंतर, १९१८ साली ही वाईनरी सुरू केली, मग मुलगा बार्तोलो, आणि २००५ मध्ये तो गेल्यापासून त्याची मुलगी मारिया तेरेझा. एकूण जमीन साधारण पाच हेक्टर, म्हणजे बारा-साडेबारा एकर. आपल्याकडच्या बऱ्या बागायतदाराकडे पण एवढी असते! ऐंशी-नव्वदच्या दशकात बारोलोत मोठा वाद पेटला होता, तरुण मंडळींनी छोटी, २२५ लिटरची नवीकोरी फ्रेंच पिंपं आणली, त्यांना फ्रेंचमध्ये ‘बारीक’ (barrique) म्हणतात, त्यात ठेवली की वाईन लवकर मऊ होते आणि व्हॅनिलाचा वास येतो, परदेशात तेव्हा तेच खपत होतं. बार्तोलो हटला नाही. द्राक्षं सिमेंटच्या हौदात आंबवायची, सालं रसात महिना-महिना, कधी त्याहून जास्त राहू द्यायची, मग हजारो लिटरच्या जुन्या लाकडी पिंपात वर्षानुवर्षं मुरवायची, बापानं केलं तसंच. उतारवयात व्हीलचेअरवर बसून तो लेबलं हातानं रंगवायचा, त्यातल्या एकावर लिहिलं होतं ‘नो बारीक नो बेर्लुस्कोनी’, बेर्लुस्कोनी म्हणजे इटलीचा पंतप्रधान राहिलेला नेता. वाईन आणि राजकारण दोन्हीवरचं मत एका लेबलात!

पण मला या माणसाची सगळ्यात मोठी गोष्ट वाटते ती वेगळीच. त्यांच्या बागा चार ठिकाणी, बारोलो गावातल्या कान्नुबी, सान लोरेन्झो आणि रुए, आणि शेजारच्या ला मोर्रा गावातली रोक्के. आजकाल तिथे प्रत्येक टेकडीचं नाव अधिकृत नोंदलेलं आहे आणि लेबलवर एकाच टेकडीचं नाव असलं की बाटली जास्त भावानं जाते, त्यातून कान्नुबी हे तर सगळ्यात जुनं मानाचं नाव. दुसरा कोणी असता तर कान्नुबीची बाटली वेगळी काढून दुप्पट पैसे केले असते. हे लोक चारही बागांची द्राक्षं एकत्र करतात आणि एकच बारोलो काढतात. एका बागेत ऊन जास्त लागतं, दुसरीकडची माती वेगळी, एखाद्या वर्षी कुठे कमी पडलं तर दुसरीकडचं भरून काढतं, तिथली जुनी पद्धत हीच होती. नावासाठी जास्त पैसे मोजणं मला कधीच पटलं नाही, आणि ही बाटली प्यायल्यावर तर अजिबातच पटत नाही.

२०१३ हे थंड वर्ष होतं, द्राक्षं उशिरा पिकली. नेबिओलो तशीही उशिराच पिकते, ऑक्टोबरमध्ये तोडणी, म्हणजे आपल्याकडे नाशिकला ऑक्टोबर छाटणी चालू असते तेव्हा इकडे घड उतरवत असतात. आम्ही बूच दुपारीच काढून बाटली तशीच उभी ठेवली होती. संध्याकाळी पहिला वास आला तो डांबराचा, खरंच, उन्हाळ्यात रस्ता करताना येतो तो. मग मागून सुकलेल्या गुलाबाच्या पाकळ्या, आंबट चेरी, नंतर ज्येष्ठमध. हे सगळं एकदम येत नाही हां. अर्ध्या तासानं गुलाब पुढे आला, डांबर मागे गेलं, जेवण संपेपर्यंत त्यात ओल्या मातीचा आणि सुक्या पानांचा वास मिसळला होता. मी ग्लासात शेवटचा घोट मुद्दाम राखून ठेवला होता नी तोच सगळ्यात छान लागला. लाकडाचा वास कुठेही नाही, व्हॅनिला नाही, गोडवा नाही. तुरटपणा मात्र शेवटपर्यंत होता, पण बारीक, खरखरीत नाही, आणि घोट गिळल्यावर चव किती तरी वेळ रेंगाळते.

सोबत तायारिन केलं होतं, म्हणजे भरपूर अंड्याच्या बलकात मळलेल्या बारीक शेवया, लोणी आणि मश्रूम घालून, वर किसलेलं चीज. इथे एक गोष्ट सांगते, नुसती बारोलो पिऊन तिच्यावर मत बनवू नका प्लीज. तुरटपणा देणारे घटक लाळेतल्या प्रोटीनला चिकटतात म्हणून तोंड कोरडं पडतं, समोर चीज, लोणी, मटण असलं की ते तिकडे चिकटतात आणि वाईन एकदम मवाळ होते. एक घोट जेवणाआधी आणि एक चीजच्या घासानंतर घेऊन बघा, दोन वेगळ्या बाटल्या वाटतील. फक्त आपला झणझणीत रस्सा नको, तिखटानं तुरटपणा अजून भडकतो. मला रस्सा खूप आवडतो पण त्याच्यासोबत ही नाही.

भारतात ही चव मिळेल का असं बहिणीनं विचारलं. अकलूजला फ्रातेल्लीवाले सांजोव्हेसे पिकवतात, तेही इटलीचंच द्राक्ष, त्यांच्या वाईन मला आवडतात. पण नेबिओलो हट्टी आहे, पिएमोंतेबाहेर तिचं फारसं कुठे जमलेलं नाही, त्यामुळे चव घ्यायची तर इकडचीच बाटली.

कोणाला घ्यायची असेल तर, बारोलोला कायद्यानंच किमान ३८ महिने मुरवावं लागतं, त्यातले १८ लाकडात, पण ते किमान झालं, या घराण्याची बाटली तोडणीपासून दहा वर्षं तरी होईपर्यंत उघडू नका. तळाशी गाळ असतो, आदल्या दिवशी उभी करून ठेवा, हळू ओता, शेवटचं बोटभर बाटलीतच राहू द्या. फ्रीजमधली गार नको आणि आपल्या मे महिन्यातल्या खोलीच्या तापमानाची तर मुळीच नको, १७-१८ डिग्री बरोबर. आणि एवढे पैसे घालायचे नसतील तर हेच लोक दोल्चेत्तो, बार्बेरा आणि फ्रेइझा या इथल्याच दुसऱ्या द्राक्षांच्या वाईन पण काढतात, खूपच स्वस्त. त्यातली फ्रेइझा घ्या, ती नेबिओलोच्या नात्यातलीच, तुरट आणि रांगडी, आणि तिला दहा वर्षं थांबावं लागत नाही.