आमची वाटचाल : सिलिंडरची दाबचाचणी आणि तिच्यामागची मापे

पोलादी आणि अॅल्युमिनियमच्या जोडविरहित सिलिंडरांची ठरावीक मुदतीने करायची तपासणी आणि पाण्याच्या दाबाखालची चाचणी, म्हणजे सगळे जिला हायड्रो टेस्ट म्हणतात ती, हाच आमच्या फर्मचा पहिल्यापासूनचा व्यवसाय आहे. एक वॉटर जॅकेट (सिलिंडर ज्यात सोडून तपासतात ती पाण्याने भरलेली बंद टाकी), एक उच्चदाब पंप आणि दाब मोजणारी मोजकी गेजेस एवढ्या सामग्रीवर आम्ही सुरुवात केली. हाती थोडा पैसा आल्यावर दुसरे जॅकेट घेऊन कामाचा वेग वाढवावा की आधी प्रमाणित सिलिंडर (ज्याचे प्रसरण आधीच मोजून नोंदलेले असते असा) आणि इतर गेजेस ताडून पाहण्यासाठी चांगले संदर्भ गेज घ्यावे, असा प्रश्न उभा राहिला, तेव्हा आम्ही मापांची बाजू निवडली. पुढची सगळी वाटचाल त्या निवडीनेच ठरवली.

२०० बार कार्यदाबाच्या सिलिंडरची चाचणी साधारणतः ३०० बारवर होते. एवढ्या दाबाखाली पाणी जेमतेम सव्वा ते दीड टक्का आकसते. त्यामुळे चाचणीत सिलिंडर फुटलाच, तरी त्यात साठलेली ऊर्जा तेवढ्याच दाबाच्या वायूच्या मानाने फारच थोडी असते. चाचणीसाठी वायूऐवजी पाणी वापरण्याचे कारण हेच. मात्र सिलिंडर फुटला नाही म्हणजे उत्तीर्ण झाला, हा समज चुकीचा आहे. पाण्याने भरलेल्या बंद जॅकेटमध्ये सिलिंडर सोडून आतून दाब दिला की तो किंचित फुगतो आणि तेवढेच पाणी जॅकेटमधून बाहेर ढकलले जाऊन ब्युरेटमध्ये, म्हणजे मापाच्या खुणा असलेल्या काचेच्या नळीत, चढते. हे एकूण प्रसरण. दाब काढल्यावर पाणी परत उतरते, पण जे मूळ पातळीपर्यंत उतरत नाही ते कायम प्रसरण. अमेरिकेच्या वाहतूक नियमांप्रमाणे बहुतेक पोलादी सिलिंडरांचे कायम प्रसरण एकूण प्रसरणाच्या १० टक्क्यांपेक्षा जास्त भरले, तर तो सिलिंडर सेवेतून बाद होतो. एकूण प्रसरण २०० घन सेंटिमीटर असेल, तर स्वीकार आणि नकार यांच्यामधली रेषा २० घन सेंटिमीटरवर येते, आणि एवढे बारीक माप चुकवायला जॅकेटच्या झाकणाखाली अडकलेला हवेचा एक बुडबुडा पुरतो.

म्हणून आमचा दिवस ग्राहकाच्या सिलिंडरने सुरू होत नाही. सकाळी सर्वप्रथम प्रमाणित सिलिंडर जॅकेटमध्ये उतरतो. त्याच्या प्रमाणपत्रावर कोणत्या दाबाला किती प्रसरण व्हायला हवे, याचा तक्ता असतो. त्या दिवशी ज्या दाबावर काम करायचे आहे त्याच्या आसपासचा दाब आम्ही देतो आणि वाचलेले प्रसरण तक्त्यातल्या आकड्याच्या १ टक्क्याच्या आत आहे की नाही, ते पाहतो. दाब उतरवल्यावर ब्युरेट शून्यावर परत यायलाच हवी. ती परतली नाही, तर कुठेतरी गळती आहे, हवा राहिली आहे किंवा जॅकेटमधले आणि सिलिंडरमधले पाणी अजून एका तापमानाला आलेले नाही. यातले नेमके कारण सापडेपर्यंत नोंदवहीत पुढची ओळ लिहिली जात नाही. या सिलिंडरला प्रमाणपत्रातल्या कमाल दाबापलीकडे कधीही नेत नाही; तो स्वतःच कायमचा फुगला, तर तक्त्याला काही अर्थ उरत नाही.

पुढे ब्युरेटच्या जोडीला आम्ही वजनकाटा बसवला. ओसंडलेल्या पाण्याचे वजन हा काटा घेतो आणि एक ग्रॅम म्हणजे एक घन सेंटिमीटर, असा सोपा हिशेब त्यामागे असतो. हा हिशेब ४ अंश सेल्सियसला खरा आहे. ३० अंशांना पाण्याची घनता दर घन सेंटिमीटरला ०.९९५७ ग्रॅमपर्यंत उतरते, म्हणजे जवळजवळ ०.४ टक्क्यांचा फरक पडतो. सगळी मुभा १ टक्क्याचीच असताना तिचा एवढा वाटा तापमानाने खाल्लेला आम्हांला परवडत नाही, म्हणून पाण्याचे तापमान प्रत्येक नोंदीसोबत लिहिले जाते.

गेजेस आणि काटा आम्ही आयएसओ/आयईसी १७०२५ या प्रयोगशाळांसाठीच्या आंतरराष्ट्रीय मानकाप्रमाणे मान्यता असलेल्या प्रयोगशाळेकडूनच अंशशोधित करून, म्हणजे अचूक मापांशी ताडून, घेतो. प्रमाणपत्रावरचा शिक्का आणि पुढची तारीख बघून ते फाइलला लावण्याची पद्धत या धंद्यात बरीच रूढ आहे. माझ्या मते खरे वाचायचे ते दुरुस्तीपूर्वीचे आकडे. गेज प्रयोगशाळेत आले तेव्हाच मर्यादेबाहेर होते, असे त्यात दिसले, तर आधीच्या अंशशोधनापासूनच्या मधल्या काळात त्या गेजवर तपासलेल्या सगळ्या सिलिंडरांच्या नोंदी पुन्हा उघडाव्या लागतात.

ग्राहकांशी सर्वाधिक वाद होतो तो ‘एकदा परत लावून बघा’ या मागणीवरून. पंप बंद पडला किंवा जोड गळला आणि चाचणीचा दाब निदान ३० सेकंद टिकला नाही, तर चाचणी पुन्हा घेता येते, पण त्याच दाबावर नव्हे. पहिल्या वेळी धातूला जे कायमचे फुगायचे होते त्यातले बरेचसे फुगून गेलेले असते, त्यामुळे दुसऱ्या वेळी कायम प्रसरण फसवे कमी दिसते. म्हणूनच अमेरिकी नियमांत दुसऱ्या वेळचा दाब १० टक्क्यांनी किंवा १०० पीएसआयने (पौंड प्रति चौरस इंच), म्हणजे सुमारे ७ बारने, यांपैकी जे कमी असेल तेवढा वाढवायला सांगितले आहे. यंत्रणेत दोष नसताना नापास झालेला सिलिंडर मात्र पुन्हा लावायचा नसतोच. एका मोठ्या ग्राहकाला हे पटले नाही आणि त्याचे काम आमच्याकडून गेले. ते परत मिळवण्यासाठी आम्ही पद्धत बदलली नाही.

२०१८ मध्ये आयएसओ १८११९ हे आंतरराष्ट्रीय मानक आले आणि पोलादी व अॅल्युमिनियमच्या जोडविरहित सिलिंडरांच्या नियतकालिक तपासणीसाठी पूर्वी असलेल्या दोन वेगळ्या मानकांची जागा एकाच मानकाने घेतली. आमच्या तपासणीपत्रकांची फेररचना आम्ही त्यानुसार केली. दृश्य तपासणी, आटे आणि गंज यांच्या नोंदी आता दाबचाचणीच्या आधीच पूर्ण होतात.

दुसरे जॅकेट अखेर आले, पण त्याच्यासाठी प्रमाणपत्र असलेला स्वतंत्र सिलिंडर मिळाल्यावरच. कंपोझिट, म्हणजे आतल्या अस्तरावर तंतूंचे वेष्टन असलेल्या, सिलिंडरांची विचारणा अलीकडे वाढली आहे. त्यांच्या स्वीकृतीच्या मर्यादा वेगळ्या असतात आणि आमच्या प्रमाणित सिलिंडरांचे तक्ते त्या प्रसरणाच्या पट्ट्यात बसत नाहीत; त्या पट्ट्याचा प्रमाणित सिलिंडर हाती येईपर्यंत ते काम आम्ही घेत नाही.